भेसळ दुकानात, फटका मळ्यात

शेतकरी बंधूंनो, कॉफी हा काही आपल्या चुलीवरचा रोजचा विषय नव्हे. आपली सकाळ चहावर उजाडते. कॉफी आठवते ती शहरातला पाहुणा आला की, नाहीतर सोयरिकीच्या बैठकीत, जायफळ घालून. मग शेतीच्या पानावर दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वीची इंग्लंडातल्या कॉफीची हकीकत कशाला, असे तुम्ही म्हणाल. जरूर म्हणा. पण शेवटपर्यंत वाचा आणि मग सांगा, ही हकीकत कॉफीची आहे की तुमच्या-माझ्या मालाची.

सुरुवात आपल्या तालुक्याच्या बाजारातूनच करू. पुढच्या खेपेला गेलात की किराणा दुकानात फिल्टर कॉफीची पुडी मागा आणि तिच्यावरची बारीक अक्षरे वाचा. बहुतेक पुड्यांवर ‘कॉफी इतके टक्के, चिकोरी इतके टक्के’ असे छापलेले दिसेल. आपल्या कायद्याप्रमाणे अशा मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के हवी, आणि दोन्हींचे प्रमाण पुडीवर लिहिलेच पाहिजे. आता ही एक ओळ छापायला किती शाई लागते? पण ती ओळ पुडीवर यावी म्हणून इंग्लंडात वर्षानुवर्षे भांडण चालले. त्या भांडणात एका बाजूला दुकानदार होते, दुसऱ्या बाजूला मळेवाले होते, आणि मध्ये सरकार होते. सरकार कुठल्या बाजूला होते, ते पुढे कळेलच.

कॉफी वाढली ती जकात उतरल्यामुळे

इंग्लंडात कॉफी पिकत नाही. ती सगळी बाहेरून यायची. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती वेस्ट इंडीज बेटांतून यायची आणि तिच्यावर जबर जकात होती. त्यामुळे कॉफी म्हणजे श्रीमंतांचे पेय. मग सरकारने जकात टप्प्याटप्प्याने उतरवली. १८२५ साली वेस्ट इंडीजच्या कॉफीवरची जकात रत्तलामागे १२ पेन्सांवरून ६ पेन्सांवर आली. (जुन्या मंडळींना रत्तल ठाऊक आहे, नव्यांसाठी सांगतो, रत्तल म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅम. आणि १२ पेन्सांचा एक शिलिंग.) परिणाम काय झाला बघा. १८२४ मध्ये तिथे सुमारे ८० लाख रत्तल कॉफी खपली होती. १८३१ मध्ये तोच खप दोन कोटी रत्तलांच्या वर गेला. जकात निम्मी झाली आणि खप अडीचपटीला पोचला. कामकरी माणूस कॉफी पिऊ लागला, शहरांत स्वस्त कॉफीगृहे निघाली.

१८३५ मध्ये पूर्वेकडच्या ब्रिटिश वसाहतींच्या कॉफीलाही वेस्ट इंडीजच्या बरोबरीची जकात लागू झाली. त्याच सुमारास वेस्ट इंडीजमधली गुलामी कायद्याने बंद होऊन तिथले मळे मागे पडू लागले होते. झाले, सिलोनच्या, म्हणजे आजच्या श्रीलंकेच्या डोंगरांवर कॉफीची झुंबड उडाली. गोऱ्या मळेवाल्यांनी कॅंडीच्या आसपासची रानेच्या राने तोडली. तमिळ मुलखातून मजूर पायी चालत मळ्यांवर नेले गेले, आणि त्यातले कित्येक वाटेतच उपासाने आणि रोगाने मेले. ही गोष्ट सांगताना ती माणसे विसरून चालणार नाही. आपल्याकडे म्हैसूर, कुर्ग, वायनाड या भागांतही मळे वाढत होते.

आणि एक लक्षात ठेवा. सिलोनची कॉफी सगळी गोऱ्यांच्या मळ्यांतली नव्हती. कॅंडीकडचे गावकरी आपल्या घराच्या परसात कॉफीची झाडे लावत. त्यांचा माल ‘देशी कॉफी’ म्हणून व्यापाऱ्याकडे जाई आणि बैलगाड्यांतून बंदराला लागे. निर्यातीत त्याचा वाटा चांगलाच मोठा होता. म्हणजे ज्याच्याकडे दहा-वीस झाडे आहेत असा आपल्यासारखा अल्पभूधारकही लंडनच्या बाजारभावाला बांधलेला होता.

कायदा जागच्या जागी, हुकूम उलटा

आता चिकोरीकडे येऊ. चिकोरी म्हणजे मुळ्या-गाजरासारखी जाड मुळी. ती कापून, वाळवून, भाजून दळली की तपकिरी भुकटी होते. पाण्यात टाकली की कॉफीपेक्षा गडद रंग देते आणि चवीला कडवट-गोडसर लागते. विषारी अजिबात नाही. पण कॉफीही नाही. कॉफीतला तरतरी आणणारा गुण तिच्यात नसतो.

कॉफीत भलतेच काही मिसळू नये असा कायदा इंग्लंडात १८०३ पासून होता. पण तो करण्यामागे गिऱ्हाइकाची कळकळ कमी आणि जकात बुडू नये ही काळजी जास्त. १८४० साली दुकानदारांच्या मागणीवरून सरकारच्या खजिना खात्याने हुकूम काढला, की कॉफीत चिकोरी मिसळली म्हणून कुणावर कारवाई करू नका. त्यामागचा हिशोब साधा होता. कॉफीवर जकात भरलेली आहे, परदेशातून येणाऱ्या चिकोरीवरही भरलेली आहे. मग आपले काय बिघडले? एकत्र करा नाहीतर वेगळे विका.

बघा, कायदा रद्द झाला नाही. तो पुस्तकात तसाच राहिला. वरून एक कागद आला आणि कायदा निजला. सरपंच मंडळींना आणि कचेरीत बसणाऱ्यांना ही रीत वेगळी समजावून सांगायला नको.

पुढची गंमत ऐका. मोकळीक मिळताच खुद्द इंग्लंडातले शेतकरी, विशेषतः यॉर्कशायरकडचे, चिकोरी लावू लागले. घरच्या चिकोरीवर कसलाच कर नव्हता. १८४२ नंतर वसाहतीच्या कॉफीवर रत्तलाला ४ पेन्स जकात आणि घरच्या चिकोरीवर शून्य. म्हणजे ज्या जकातीच्या हिशोबावर सरकारने डोळे झाकले, ती जकातच बुडू लागली. घरच्या चिकोरीवर कर बसायला १८६० साल उजाडावे लागले. वीस वर्षे आंधळे दळत होते आणि कुत्रे पीठ खात होते.

हिशोब मांडून बघू

आता वहीची पाने उघडा. समजा, एका दुकानात महिन्याला १०० रत्तल भाजलेली कॉफी खपते. दुकानदाराने तिच्यात ४० रत्तल चिकोरी घातली. गिऱ्हाईक पूर्वीइतकीच १०० रत्तल पूड घेऊन गेले. त्याने पैसे कॉफीचे मोजले. दुकानदाराला ४० रत्तलांवर भरमसाट सुटले. आणि मळ्यातून? मळ्यातून पूर्वी १०० उठत होती, आता ६० उठली. आकडे मी समजण्यासाठी घेतले आहेत, पण रीत हीच होती.

म्हणून मी म्हणतो, भेसळ म्हणजे फक्त गिऱ्हाइकाच्या पोटाचा प्रश्न नव्हे. आपल्याकडे भेसळीची चर्चा निघाली की शहरातल्या ग्राहकाची निघते. त्याची प्रकृती, त्याची फसवणूक. ती खरीच आहे. पण पिकवणाऱ्याच्या बाजूने कुणी बोलत नाही. पुडीत जितकी भेसळ शिरली, तितका खरा माल पिकवणाऱ्याच्या खळ्यात पडून राहिला, हे कुणी मांडत नाही.

हा झाला पहिला फटका. दुसरा फटका नावाचा. पूड पांचट लागली की गिऱ्हाईक असे म्हणत नाही की वाण्याने फसवले. ते म्हणते, कॉफीच वाईट. मग ते चहाकडे वळते. तिसरा फटका प्रामाणिक दुकानदाराला. तो खरी कॉफी खऱ्या भावाने विकायला बसला की शेजारचा मिसळ करून त्याच्याखाली भाव लावतो. खरा माल विकणाऱ्याचेच दुकान बसते, आणि तो गेला की मळेवाल्याचा खरा गिऱ्हाईकही जातो.

इंग्लंडात खप १८४७ मध्ये सुमारे ३ कोटी ७० लाख रत्तलांवर चढला होता. १८५० मध्ये तो ३ कोटी १० लाखांच्या आसपास उतरला. माणसे वाढत होती, कॉफी पिण्याची सवय पसरली होती, तरी खप उतरला. अर्थात सगळे खापर चिकोरीवर फोडणे खोटे ठरेल. १८४७ मध्ये लंडनच्या पेढ्या बुडाल्या, मळ्यांना मिळणारे कर्ज आटले, कॉफीचे भाव कोसळले आणि सिलोनचे कित्येक मळे मातीमोलाने विकले गेले. पण भाव पडलेल्या वर्षात ज्याच्या मालाची जागा मुळीची पूड घेते, त्याचे काय होत असेल, हे कांदा पिकवणाऱ्याला विचारा.

मळेवाले आणि कॉफीचे व्यापारी पार्लमेंटकडे अर्ज करू लागले. त्यांची मागणी चिकोरी बंद करा अशी नव्हती. ती चिकोरी म्हणून विका, कॉफी म्हणून विकू नका, एवढेच मागणे होते.

‘ओळखताच येत नाही’

त्यावर अर्थमंत्री चार्ल्स वुड यांचे उत्तर काय होते? एक, थोडी चिकोरी घातल्याने पेय बिघडत नाही, लोकांना ते आवडते, गरिबाला स्वस्त पडते. दुसरे म्हणजे, मोठमोठ्या रसायनतज्ज्ञांना विचारले, तर दळलेल्या पुडीत चिकोरी आहे की नाही हे खात्रीने सांगताच येत नाही. जे ओळखता येत नाही ते बंद तरी कसे करणार?

गरिबाला स्वस्त, हा मुद्दा आधी तपासू. चिकोरी खरोखर स्वस्त होती. पण ती चिकोरीच्या भावाने विकली असती तर गरिबाला स्वस्त पडली असती. कॉफीच्या नावाने कॉफीच्या भावाला विकली, तर स्वस्ताई कुणाच्या खिशात गेली? बरे, खुद्द चिकोरीही शुद्ध मिळेना. तिच्यात भाजलेले गाजर, चाऱ्याचे बीट, ओकच्या झाडाची फळे, लाकडाचा भुसा आणि रंग यावा म्हणून गेरूसारखी तांबडी माती घालत. जळक्या साखरेची काळी पूड रंगासाठी वेगळीच मिळे. भेसळीच्या मालात पुन्हा भेसळ! एकदा दार उघडे टाकले की आत एकटी मांजर येत नाही.

आता ‘ओळखता येत नाही’ याचे बघू. लंडनला आर्थर हिल हॅसल नावाचे एक तरुण डॉक्टर होते. त्यांना वनस्पतिशास्त्राचा नाद आणि हाताशी सूक्ष्मदर्शक. त्यांनी दुकानादुकानांतून कॉफीच्या पुड्या विकत आणल्या आणि चिमूटभर पूड काचेखाली धरली. कॉफीच्या बीचे कण कठीण आणि कोनेदार, भाजून दळले तरी त्यांची ठेवण राहते. चिकोरीच्या मुळीचे कण मोठे, मऊ, आणि मुळीतल्या पाण्याच्या नळ्या त्यात स्पष्ट दिसतात. एका नजरेत फरक. १८५० च्या ऑगस्टमध्ये त्यांनी याविषयी लंडनच्या बोटॅनिकल सोसायटीपुढे निबंध वाचला. ज्याला तज्ज्ञ अशक्य म्हणत होते ते काम एका काचेने केले.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकाचे संपादक टॉमस वॅकली यांनी हॅसल यांना हाताशी धरले आणि १८५१ च्या सुरुवातीपासून एकेका पदार्थाच्या तपासणीचे निकाल छापायला घेतले. कॉफीचे ३४ नमुने तपासले होते. त्यातल्या ३१ मध्ये चिकोरी. शुद्ध फक्त तीन! कित्येकांत भाजलेले धान्यही सापडले. वॅकली यांनी दुकानदारांची नावे आणि पत्ते छापण्याचे धाडस केले. एवढ्या मोठ्या मोहिमेत कोर्टकचेऱ्यांचा धाक दाखवणारे कमी नव्हते, पण पुरावा काचेखाली होता.

माझ्या मते या हकीकतीतला सगळ्यात मोठा धडा इथे आहे. मळेवाल्यांनी वर्षानुवर्षे अर्ज केले, ओरड केली. सरकार हलले नाही. हलले कधी? जेव्हा कुणीतरी दुकानात जाऊन, पैसे मोजून, नमुना आणून, तपासून, आकडा आणि नाव दोन्ही जाहीर केले तेव्हा. तक्रार आणि पुरावा यात हा फरक आहे.

पट्टी आली, पण उशिरा

१८५२ मध्ये नव्या सरकारने जुना हुकूम मागे घेतला आणि मिसळ बंद केली. लगेच दुकानदारांनी आणि चिकोरी पिकवणाऱ्यांनी गिल्ला केला. १८५३ मध्ये ग्लॅडस्टन यांनी मधला मार्ग काढला, की मिसळ विका, पण पुडीवर ‘चिकोरी आणि कॉफी यांचे मिश्रण’ असे स्पष्ट छापा. आपल्या आजच्या पुडीवरची ओळ ही त्याच वळणाची आहे.

मला हा तोडगा तत्त्वाने योग्य वाटतो. चिकोरी लावणारा यॉर्कशायरचा माणूसही शेतकरीच होता. त्याचे पीक बंद करून मळेवाल्याचे भले करा, असे मी म्हणणार नाही. एका शेतकऱ्याला दुसऱ्याच्या जिवावर उठवायचे कशाला? प्रत्येकाने आपला माल आपल्या नावाने विकावा, एवढेच. दक्षिणेत आजही चिकोरीची कॉफी आवडीने पितात, आपल्या देशातले शेतकरीही चिकोरी पिकवतात. पुडीवर लिहिले आहे, घेणारा वाचून घेतो, त्यात फसवणूक नाही.

पण १८५३ च्या त्या पट्टीत एक खोट होती. प्रमाण किती, हे लिहायची सक्ती नव्हती. शंभरात दहा चिकोरी असो की शंभरात नव्वद, पट्टी एकच. मग दुकानदार पट्टीच्या आड बिनधास्त झाला. आपल्याकडे टक्के लिहायची सक्ती आहे ती यासाठी. नुसते ‘मिश्रण’ म्हणणे म्हणजे अर्धे सत्य.

भेसळीवरचा पहिला सर्वसाधारण कायदा तिथे १८६० मध्ये झाला. तोही कधी? १८५८ मध्ये ब्रॅडफर्डला मिठाईत स्वस्त भर म्हणून घालायच्या पांढऱ्या भुकटीऐवजी चुकून सोमल पडला आणि वीसेक माणसे दगावली, त्यानंतर. आणि तो कायदा कसा? गावांनी, नगरांनी तपासनीस नेमावा अशी मुभा, सक्ती नाही. बहुतेकांनी नेमलाच नाही. खर्च कोण करणार, आणि दुकानदार तर गावच्या कारभारातच बसलेले! कायदा झाला, पण तो चालवायला माणूस नाही. १८७२ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि १८७५ मध्ये नवा कायदा आला. गिऱ्हाइकाने मागितली त्या जातीची, त्या घटकांची आणि त्या प्रतीची वस्तू न देता त्याचे नुकसान करणे हा गुन्हा, असे त्यात स्पष्ट म्हटले. नमुन्याचे तीन भाग करून मोहोरबंद करायचे, एक विकणाऱ्याला, एक तपासनिसाला, एक जपून ठेवायला, ही पद्धतही त्यात होती. आपल्या १९५४ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्यात नमुन्याचे तीन भाग करायची रीत होती, ती याच परंपरेतली. त्या कायद्याची जागा घेणाऱ्या २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यात चार भाग करतात.

मळ्यात तोवर काय झाले?

कायदा नीट झाला १८७५ ला. सिलोनच्या मळ्यांवर तांबेरा दिसला १८६९ ला. पानांच्या मागे नारिंगी भुकटी, मग पानगळ, मग वठलेले झाड. १८७० च्या सुमारास सिलोनमधून वर्षाला सुमारे ५० हजार टन कॉफी जात होती. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत ती जवळजवळ संपली. मळेवाल्यांनी झाडे उपटून चहा लावला. परसातली झाडे गेली त्या गावकऱ्याकडे मात्र चहाचा कारखाना घालायला भांडवल नव्हते.

तांबेरा काही चिकोरीने आणला नाही, हे उघड आहे. पण ज्या वर्षांत बाजार तेजीत होता, गिऱ्हाईक नवे होते, पैसा गाठीला बांधून ठेवता आला असता, त्या वर्षांतला मोठा वाटा मुळीच्या पुडीने खाल्ला. संकटाच्या वर्षी तगायला चांगल्या वर्षाची कमाई लागते. ती आधीच दुसऱ्याच्या गल्ल्यात गेली होती.

आणि इंग्लंडचे गिऱ्हाईक परत आले का? नाही. १८७२ मध्ये कॉफीवरची जकात पुन्हा निम्मी झाली, रत्तलाला ३ पेन्सांवरून दीड पेनी. १८२५ मध्ये जकात निम्मी केल्यावर खप अडीचपट झाला होता. या वेळी जेमतेम हलला. १८९० च्या सुमारास तिथला माणूस वर्षाला सरासरी पाच रत्तल चहा आणि पाऊण रत्तल कॉफी पीत होता. चहाची जकात उतरली होती, आसामचा आणि सिलोनचा चहा स्वस्त झाला होता, ही कारणे खरी. पण चाळीस वर्षे कॉफीच्या नावाखाली मुळी पाजल्यावर कॉफीवरचा जीव उडाला, हेही कारण त्यात आहे असे माझे मत आहे. गेलेला भाव एखाद्या हंगामात परत येतो. गेलेला विश्वास जकात माफ करूनही येत नाही.

आपण यातून काय घ्यायचे?

आपल्या राज्यात कॉफीसाठी ओळखले जाणारे ठिकाण म्हणजे मेळघाटातले चिखलदरा. तिथले कॉफी उत्पादक सोडले तर आपला कॉफीशी थेट संबंध नाही. पण दूध, गूळ, हळद, मध, तूप यांच्याशी आहे. यातल्या कशाचीही भेसळ झाली की तुमच्या मालाची जागा दुसरे काहीतरी घेते. म्हणून भेसळीविरुद्ध बोलायचे काम शहरातल्या ग्राहक संघटनांवर सोडून देऊ नका. तो तुमचा धंदा आहे.

दुसरे, आपल्याकडे आपलीच मापे तपासू. सिलोनच्या देशी कॉफीला मळ्यातल्या कॉफीपेक्षा कमी भाव मिळे, कारण ती नीट वाळवलेली, निवडलेली नसे. ओला माल, वर चांगला खाली हलका, वजनाला माती, हे प्रकार आपल्यातही होतात, उगीच नाही म्हणू नका. आपल्या पोत्यात खडा असेल तर दुसऱ्याच्या पुडीतल्या मुळीबद्दल बोलायला तोंड राहत नाही.

तिसरे सांगणे गावच्या कारभाऱ्यांना. १८६० चा इंग्लंडचा कायदा माणूस न नेमल्याने मेला. आपल्याकडे अन्न व औषध प्रशासनाचे अन्न सुरक्षा अधिकारी आहेत. आपल्या भागाचा अधिकारी कोण, हे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिलेले असावे. सामान्य खरेदीदारालाही हक्क आहे. घेताना दुकानदाराला तसे सांगून, ठरलेली फी भरून तो माल तपासून घेऊ शकतो, आणि माल कायद्यात न बसणारा निघाला तर फी परत मिळते. ही माहिती ग्रामसभेत एकदा तरी वाचून दाखवा.

आणि शेवटी एक घरगुती परीक्षा. काचेच्या पेल्यात गार पाणी घ्या. दळलेल्या कॉफीची चिमूट वर अलगद टाका. कॉफीचे कण तेलकट, ते काही वेळ तरंगतात आणि पाण्याला रंग सावकाश चढतो. चिकोरी लगेच तळाला जाते आणि जाताना तपकिरी रेघा सोडते. (पाण्यात विरघळणाऱ्या कॉफीला मात्र ही परीक्षा चालत नाही.) शाळेतल्या पोरांना करायला सांगा. त्यांना मजा येईल, आणि विकत घेतलेली वस्तू तपासून बघायची असते हे लहानपणीच कळेल.

इंग्लंडात अर्थमंत्री म्हणत होते, ओळखताच येत नाही. ते ओळखायला एका डॉक्टरने पदरचे पैसे घालून पुड्या आणल्या. आपल्या तालुक्यात तुमच्या मालाच्या नावावर काय विकले जाते, हे तुम्ही शेवटचे कधी तपासले? येत्या बाजारी जाल तेव्हा पावशेर विकत घ्या, पावती मागा, आणि घरी आणून नीट बघा.